बियांपासून फुले : ग्वाल्हेरच्या वेळापत्रकाप्रमाणे



गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळेच्या फाटकालगतचा वाफा भरून फुलला होता. आत येणारे बहुतेक पालक तेथे थांबत आणि एकच प्रश्न विचारत, "रोपं कुठल्या नर्सरीतून आणलीत?" नर्सरीतून नव्हे, सगळी बियांपासून केली, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग आमच्याकडे का उगवत नाहीत?" त्या दिवशी उभ्या उभ्या जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. उरलेले येथे लिहीत आहोत. 'आम्ही' म्हणजे शाळेची बाग पाहणारे दोन शिक्षक, सातवी-आठवीची काही मुले आणि दर शनिवारी न चुकता येणारे एक आजोबा. आमचा अधिकार एवढाच, की पहिली दोन वर्षे आमचाही वाफा रिकामा राहिला होता आणि तो का राहिला हे आम्हांला आता कळले आहे.

पहिले कारण पुस्तकाचे. बागकामावरची मराठी पुस्तके बहुतेक पुण्या-मुंबईकडे लिहिली आणि छापली जातात. पुस्तक चांगलेच असते, पण ते तिकडच्या हवेसाठी असते. पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस लागतो, आपल्याकडे तो जून संपता संपता येतो. पुण्याची थंडी सौम्य. तेथे झेंडू, झिनिया, कॉसमॉस जवळजवळ बाराही महिने कोठे ना कोठे फुललेले दिसतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीत एखाद्या रात्री ४-५ अंशांच्याही खाली उतरतो. एवढ्या ताणात कोणतेच नाजूक झाड वर्षभर टिकत नाही. मात्र याच थंडीमुळे स्वीट पी, लार्कस्पर, पॅन्झी ही फुले आपल्याकडे अशी येतात की कोकणातल्या पाहुण्यांनी पाहत राहावे. तेव्हा तक्रारीला जागा नाही, फक्त पुस्तकातले महिने बदलून घ्यावे लागतात.

दुसरे कारण मजेदार आहे आणि ते फक्त आपल्यासारख्या घरांतच घडू शकते. आमच्या ओळखीच्या माळीबाबांनी सांगितले होते, "क्वार लगते ही बीज डाल देना." क्वार म्हणजे आश्विन, हे आम्हांला ठाऊक होते. आश्विन म्हणजे नवरात्र, म्हणून आम्ही घटस्थापनेपर्यंत स्वस्थ बसलो. माळीबाबांचा क्वार मात्र पंधरा दिवस आधीच सुरू झाला होता! उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपल्या मराठी पंचांगात तो अमावास्येनंतर बदलतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे असतो. आपण ज्याला भाद्रपद वद्य, म्हणजे पितृपक्ष म्हणतो, तोच त्यांच्या क्वारचा पहिला पंधरवडा. घरात दोन्ही भाषा बोलल्या जातात, पण पंचांग एकच लटकते, आणि त्याने आमचे पंधरा दिवस गेले. थंडीच्या फुलांना पंधरा दिवस म्हणजे थोडे नव्हे. उशिरा पेरलेले रोप लहान असतानाच डिसेंबरची थंडी गाठते, ते आहे तेवढेच बसून राहते आणि फेब्रुवारीत फुलायला लागते तोच मार्चचे ऊन येते.

शिवाय तिथी दर वर्षी हलतात. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती, २०२५ साली ती २२ सप्टेंबरलाच आली. झाडाला अधिक महिना कळत नाही, त्याला ऊन आणि थंडी कळते. म्हणून आता आम्ही शाळेच्या फळ्यावर इंग्रजी तारखाच लिहितो : पावसाळी बियाणे २५ जून ते १५ जुलै, हिवाळी बियाणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, उन्हाळी बियाणे फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. पितृपक्षात नवे काम सुरू करू नये असे ज्या घरांत मानतात, तेथील आजींना आम्ही एवढेच विचारतो, की शेतकरी या दिवसांत पेरणी थांबवतो का? बहुतेक आजी हसून परवानगी देतात.

हंगामी फूल म्हणजे काय

जे झाड बियांतून उगवते, वाढते, फुलते, बी धरते आणि मरते, आणि हे सगळे एका हंगामात उरकते, ते हंगामी फुलझाड. गुलाब किंवा मोगरा यांना पुढचे वर्ष असते. हंगामी झाडाला ते नसते, त्याचे पुढचे वर्ष त्याच्या बियांत असते. एवढे ध्यानात आले की माळ्याच्या कितीतरी युक्त्या आपोआप उलगडतात. सुकलेली फुले खुडत राहिले की झाड अधिक फुलते, ते का? कारण बी धरू न दिल्याने त्याचे काम पुरे होत नाही आणि ते पुन्हा कळ्या काढते. एकदा भरपूर बी धरले की त्याची फुलण्याची घाई संपते. म्हणून फुले हवी असतील तर खुडा, बी हवे असेल तर खुडू नका. दोन्ही हवे असेल तर दोन-तीन जोमदार झाडांना रंगीत दोरा बांधून ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

पावसाळा : तेरडा आणि मंडळी

पावसाळी फुलांत आमचे पहिले मत तेरड्याला. येथील माळी त्याला गुलमेहंदी म्हणतात. हे झाड आपल्याच देशातले. सह्याद्रीच्या घाटांत पावसाळ्यात रानतेरडा उगवतो. बी मुगाहून लहान, तपकिरी, हाताळायला सोपे. पहिला पाऊस पडला की कुंडीत (आपल्या निम्म्या घरांत 'गमल्यात') अर्धा सेंटिमीटर खोल टोचावे. आठवड्याच्या आत कोंब दिसतो आणि सुमारे दोन महिन्यांत फूल. जूनअखेर पेरलेला तेरडा ऑगस्टच्या शेवटी फुलतो, म्हणजे बहुतेक वर्षी गौरींच्या बेताला. कोकणात अनेक घरी तेरड्याच्या रोपांचीच गौर करतात. आपल्याकडे बहुतेक घरी मुखवट्यांच्या महालक्ष्म्या बसतात, पण त्यांच्यापुढे ठेवायला घरचा तेरडा असला तर काय बिघडले?

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण मुलांना माहीत असते. आम्ही सातवीच्या मुलांना ती तपासायला लावली. एकेक फूल खरोखरच लवकर गळते, पण देठाच्या बगलेत नव्या कळ्या येत राहतात आणि झाड महिना-दीड महिना फुललेले राहते. म्हण फुलाविषयी खरी आहे, झाडाविषयी नाही, असा निकाल मुलांनी दिला. मुलांचे खरे प्रेम मात्र तेरड्याच्या बोंडावर. पिकलेल्या बोंडाला बोट लागले की त्याच्या पाकळ्या फटकन गुंडाळतात आणि बी चहूकडे उडते. बी आईच्या सावलीत न पडता दूर जावे यासाठी ही सोय आहे. बी गोळा करायचे असेल तर बोंड पिवळसर झाल्यावर त्यावर कागदी पाकीट चढवून मगच बोट लावावे.

याच फटक्यामुळे लष्करमधल्या जुन्या वाड्यांत तेरडा कोणी पेरत नसे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती लष्कर वसले आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांचे वाडे उभे राहिले. अंगण, मध्ये वृंदावन, कडेला मातीची पट्टी. त्या पट्टीत तेरडा आपला आपण उडे, आपला आपण उगवे. आता आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये राहतात. बाल्कनीत उडालेले बी फरशीवर पडते आणि सकाळी केराबरोबर जाते. जे काम अंगण करत होते ते आता कोणाला तरी हाताने करावे लागते.

आमच्या वाफ्यातला गुलाबी तेरडा असाच आला आहे. एका पालकांच्या लष्करमधील वाड्याची विक्री ठरली, तेव्हा त्यांच्या आईने अंगणातले बी एका काडेपेटीत भरून शाळेत पाठवले. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यातले निम्मे पहिल्याच पावसात पेरले. कुंड्या नव्या होत्या, तळाचे भोक पाडायचे राहिले होते. दोन दिवस मुसळधार पाऊस झाला आणि सगळे बी कुजले. उरलेले निम्मे कपाटात होते म्हणून तो तेरडा आज आहे. वाडा आता नाही. तेव्हापासून आमचा नियम : कोणतेही बी एकदम सगळे पेरायचे नाही, आणि कुंडीचे भोक दोघांनी तपासायचे.

झेंडूविषयी थोडक्यात. दसऱ्याच्या तोरणात तो इतका मुरला आहे की तो मूळचा मेक्सिकोचा, हे सांगितल्यावर मुलांना खरे वाटत नाही. अमेरिका खंडाशी जगाची ये-जा सुरू झाल्यावर, म्हणजे १४९२ नंतरच तो इकडे येऊ शकला. त्यापूर्वी दसऱ्याला दारावर काय लागत असेल, हे मुलांनी घरी विचारून पाहावे. दसऱ्याला फूल हवे असेल तर मोठा झेंडू जूनअखेर पेरावा. त्याला अडीच-तीन महिने लागतात. लहान चणीचा, ज्याला फ्रेंच झेंडू म्हणतात, तो दीड-दोन महिन्यांत फुलतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेचे 'पुसा नारंगी गेंदा' आणि 'पुसा बसंती गेंदा' हे वाण प्रसिद्ध आहेत. झिनिया आणि कॉसमॉस हेही मेक्सिकोकडचेच. झिनियाचे नाव योहान गॉटफ्रीड झिन या अठराव्या शतकातल्या जर्मन वैद्यकाच्या प्राध्यापकावरून पडले. ज्यांनी आयुष्यात काही पेरलेले नाही त्यांनी झिनियापासून सुरुवात करावी, चार-पाच दिवसांत उगवतो आणि सहसा निराश करत नाही. त्याच्या पानांवर मात्र पाणी ओतू नये, भुरी पडते.

हिवाळा : खरी परीक्षा

थंडीच्या फुलांची बहुतेक रोपे आधी परडीत किंवा पसरट कुंडीत करून मग वाफ्यात लावायची असतात. माती, वाळू आणि जुने चाळलेले शेणखत समभाग घ्यावे. वाळू घेताना ती कोठची हे विचारावे. चंबळच्या अभयारण्यातून वाळू काढायला बंदी आहे, तेथील घडियालांची घरटी त्याच वाळूत असतात. शंका वाटली तर वाळूऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा चालतो.

किती खोल पेरायचे? बियाच्या जाडीच्या दुप्पट, हा ढोबळ नियम. पण पेटुनियाला तो लागू नाही. पेटुनियाचे बी धुळीसारखे असते, एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार. त्याला उगवायला उजेड लागतो. आम्ही पहिल्या वर्षी त्यावर प्रेमाने बोटभर माती घातली आणि एकही उगवले नाही. ते कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर नुसते भुरभुरावे, माती घालू नये. याउलट कॅलेंडुला आणि फ्लॉक्स यांना अंधार हवा; ते नीट झाकावे. फ्लॉक्स हे टेक्सासचे फूल. थॉमस ड्रमंड नावाच्या स्कॉटिश संग्राहकाने १८३५ साली त्याचे बी इंग्लंडला पाठवले, आणि त्याच वर्षी तो क्युबात वारला. त्याच्या नावाचे ते फूल आज आपल्या फाटकाजवळ लाल, पांढऱ्या, जांभळ्या रंगांत उभे असते.

परडीला झारीने वरून पाणी घालण्यापेक्षा ती पाण्याच्या परातीत ठेवावी, माती खालून पाणी ओढते. बी जागचे हलत नाही आणि रोपांचा बुंधा कोरडा राहतो. चार-सहा दिवसांची टवटवीत रोपे एका रात्रीत बुडाशी बारीक होऊन आडवी पडली तर तो मातीतल्या बुरशीचा रोग समजावा. दाट पेरणी, सतत ओली माती आणि कोंदट जागा ही त्याची तीन आमंत्रणे. औषधापेक्षा विरळ पेरणे आणि वारा खेळू देणे अधिक उपयोगी पडते. रोपांना चार ते सहा पाने आली की संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, वाफ्यात हलवावीत. आर.ओ. यंत्राचे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरी कुंड्यांना घालतात. भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात आणि कोवळी रोपे ते सोसत नाहीत. त्याने फरशी पुसावी. तिघऱ्याचे नळाचे पाणी एक दिवसाआड येत असेल तेव्हा एक बादली रोपांसाठी वेगळी भरून ठेवावी. परडीला लागते ते तांब्याभरच.

काही फुलांना मुळे हलवलेली खपत नाहीत. स्वीट पी, नॅस्टर्शियम, लार्कस्पर आणि पॉपी जेथे फुलायचे तेथेच पेरावे. स्वीट पीचे बी कडक असते, रात्रभर पाण्यात भिजवावे, आणि चढायला दोऱ्या बांधाव्यात. त्याचा वास एकदा घरात आला की दर वर्षी ते पेरले जाते. नॅस्टर्शियमला खत घालू नये; खत घातले की पाने कमळासारखी माजतात आणि फुले पानांखाली दडतात.

येथे दोन गोष्टी पालकांनी लक्षपूर्वक वाचाव्यात. पहिली, स्वीट पीच्या शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात, पण त्यांचे बी विषारी आहे. लार्कस्परचे बी आणि पाने त्याहून अधिक. लहान भावंडे असतील तेथे ही दोन फुले वरच्या कुंडीत लावावीत किंवा यंदा राहू द्यावीत. बाजारच्या पाकिटातले बी गुलाबी-हिरव्या रंगाचे दिसले तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते, हाताळल्यावर हात धुवावेत.

दुसरी गोष्ट कायद्याची. पॉपी हे सुंदर फूल आहे, पण स्वयंपाकघरातली खसखस, जी आपण अनारशाला लावतो, ती अफूच्या झाडाचे बी आहे. ती गमतीनेसुद्धा कुंडीत पेरू नये. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्याशिवाय अफूचे झाड लावणे हा गुन्हा आहे, मग ते शोभेसाठी का असेना. आपल्याच राज्यात मंदसौर-नीमचकडे अफूची शेती होते, पण ती सरकारी परवान्याने, मोजलेल्या जमिनीत. बागेसाठी शर्ली पॉपी किंवा कॅलिफोर्निया पॉपी ही वेगळी झाडे आहेत, त्यांचे पाकीट नाव वाचून घ्यावे. आमच्या एका विद्यार्थ्याने प्रयोग म्हणून डब्यातली चिमूटभर खसखस आणली होती. त्याची जिज्ञासा आम्हांला आवडली, खसखस मात्र आम्ही ठेवून घेतली.

जानेवारीत पाला पडण्याची भीती असली तर संध्याकाळी वाफ्याला पाणी द्यावे. ओली माती रात्री ऊब धरून ठेवते. पेटुनिया आणि झेंडूवर जुने लुगडे किंवा वर्तमानपत्र पसरावे आणि सकाळी काढावे. फेब्रुवारीत कॅलेंडुलाच्या देठांवर काळा मावा येतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन निघतो, रोज तीन दिवस करावे.

बाल्कनीचे ऊन

फ्लॅटमधल्या पालकांचा प्रश्न उन्हाचा असतो. ग्वाल्हेर सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून अवघा ४० अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट दारापर्यंत येते. जूनअखेर तो जवळजवळ डोक्यावर, ८७ अंशांवर असतो, आणि तीच बाल्कनी वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते. म्हणजे दक्षिणेची बाल्कनी हिवाळी फुलांना उत्तम. पूर्वेची तेरड्याला, कारण त्याला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मानवते. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही, तेथे हंगामी फुलांचा हट्ट सोडून पानांची झाडे लावावीत. पश्चिमेची बाल्कनी एप्रिलनंतर भट्टी होते. तेथे ऑफिस टाइम लावावा. दहाच्या सुमारास उमलतो आणि ऊन उतरले की मिटतो, म्हणून हे नाव. त्याची पाने मांसल असतात, लू त्याला फारशी बाधत नाही. उन्हाळ्यात दुसरे फारसे काही सुचवण्यासारखे नाही; मे महिन्यात माणसांनीही घरातच बसावे.

बी धरणे आणि ठेवणे

हिवाळी फुलांचे बी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये पिकते. बोंड झाडावरच तपकिरी होऊ द्यावे, कोरड्या दिवशी काढावे, सावलीत आठवडाभर वाळवावे आणि कागदी पाकिटात नाव, रंग, तारीख लिहून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धवट वाळलेले बी बुरसते. पुढचा प्रश्न आपल्या उन्हाळ्याचा. बी तापमान आणि ओल यांनी म्हातारे होते. तापमान सुमारे ५ अंशांनी उतरवले की बियाचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रातला ठोकताळा आहे. गच्चीखालच्या खोलीतल्या कपाटात मे महिना काढलेले बी सप्टेंबरला उगवले नाही तर आश्चर्य नाही. पाकिटे घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवावीत, बरोबर कोरड्या तांदळाची पुरचुंडी. आईला आधी विचारावे!

पेरण्यापूर्वी जुन्या बियांची परीक्षा घ्यावी. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवले आणि सात उगवले तर बी चांगले. तीनच उगवले तर दाट पेरावे. एकही नाही तर पाकीट फेकून द्यावे आणि मनाला लावून घेऊ नये.

घरचे बी दर वेळी आईसारखेच येईल असे नाही. पाकिटावर 'एफ-१' किंवा 'संकरित' असे छापलेले असेल तर त्या झाडाच्या बियांतून पुढच्या वर्षी नाना तऱ्हा निघतात. आई-वडिलांचे वेगवेगळे गुण पुन्हा फुटून दिसू लागतात. मेंडेलने वाटाण्यावर केलेले आणि १८६६ साली छापलेले प्रयोग दहावीच्या मुलांनी वाचलेच असतील, तेच हे. स्वीट पीचे फूल उमलण्यापूर्वीच स्वतःचे परागण उरकते, म्हणून त्याचा रंग सहसा टिकतो. झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांच्यात मधमाश्या सरमिसळ करतात. तेरड्यातही भुंगे थोडी लबाडी करतात, त्यामुळे काडेपेटीतला गुलाबी तेरडा आम्ही इतर रंगांपासून दूर, इमारतीच्या मागच्या बाजूला वेगळा लावतो.

आता विश्वस्त मंडळींना एक विनंती, आणि ती थोडी आग्रहाची आहे. मार्च उजाडला की फाटकाजवळचा वाफा वाळतो आणि कुरूप दिसतो. देठ काळे पडतात, बोंडे लोंबतात, पालकसभेच्या दिवशी ते बरे दिसत नाही हे आम्हांलाही मान्य आहे. एका वर्षी सभेच्या आदल्या दिवशी कोणीतरी सद्हेतूने सगळा वाफा उपटून स्वच्छ केला आणि फ्लॉक्स व लार्कस्परचे आमचे पुढच्या वर्षीचे सारे बी केरात गेले. नंतर ते विकत आणावे लागले. तेव्हा वाफ्याचा मागचा तिसरा भाग एप्रिलअखेरपर्यंत तसाच ठेवण्याची परवानगी मिळावी. समोरचा भाग आम्ही स्वतः मोकळा करून देऊ आणि मागच्या भागावर 'बी धरले आहे, उपटू नये' अशी पाटी मुले मराठीत आणि हिंदीत लिहून लावतील. उन्हाळ्याच्या सुटीत आठवड्यातून दोनदा फाटक उघडून मिळाले तर बी काढायला आजोबा आणि दोन मुले येतील.

जूनअखेर शाळेत बियांची पाकिटे वाटू. तेरडा, झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस एवढेच यंदा देण्यासारखे आहे. काडेपेटीतला गुलाबी तेरडा दहा घरांनाच पुरेल. लष्करमधल्या त्या आजींच्या घरी पहिले पाकीट जाईल, मग ज्यांच्याकडे पूर्वेची बाल्कनी आहे त्यांना. घेणाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये निम्मे बी शाळेला परत करायचे आहे. पाकिटाबरोबर एक रिकामी काडेपेटी मिळेल, ती हरवू नये.